रातबगळा, अर्ध्या तिकिटात

टोलीडोत मंगळवारी तिकीट अर्धं.
बाहेर उणे अकरा, मॉमी नदी
थिजल्या तुपासारखी पांढरी,
आणि कॅझमामा म्हणाला, चल,
त्या बगळ्याचा सिनेमा बघू.
पेपरात दीडच तारा दिलाय,
म्हणजे बरा असणार.

ओरिएल थिएटरात आम्ही धरून नऊ डोकी.
पॉपकॉर्न भरता भरता लुएला म्हणाली,
"शेवट मला विचारू नका.
तीनदा पाहिला, तिन्ही वेळा कळला नाही."

तर रातबगळा म्हणजे एक दंतवैद्य.
दिवसा दाढा काढतो,
रात्री निळी झूल पांघरून
गच्च्यांच्या कठड्यांवर एका पायावर उभा.
एकाच का, ते विचारायचं नाही.
खलनायकाला अख्ख्या शहराच्या सावल्या चोरायच्यात.
चोरून करणार काय, त्यालाही ठाऊक नसावं.
त्याची मिशी या खोलीत असते, पुढच्या खोलीत नसते,
हसतो मात्र असा
की लहानपणी आईनं शिकवणी लावली असावी हसण्याची.

चंद्र पुठ्ठ्याचा.
पूल कोसळतो तेव्हा गाड्या पडतात खेळण्यातल्या,
एक उलटी झाली, तिच्या पोटावरची किंमत वाचता आली.
आणि एक पिवळ्या कोटातली बाई पळते.
पुलावरून पळते. बँकेसमोरून पळते.
पुढे बंदरावरूनही पळते,
तीच बाई, तोच कोट, काखेत तीच पावाची पिशवी.
मी खलनायकाला दिलं सोडून
आणि तिचीच वाट बघत बसले.

मग लिफ्ट.
पंचेचाळिसाव्या मजल्यावरून सुटलेली,
आत सात माणसं, त्यातली एक पोटुशी, शिवाय कुत्रा.
दोर तुटतो. एकच दोर, सुतळीएवढा.
आणि माझ्या शेजारी कॅझमामा ताठ झाला.
एकतीस वर्षं त्यानं या गावाच्या लिफ्टा दुरुस्त केल्या,
अजून त्याच्या नखांत ते काळं ग्रीस आहे.
"एक नसतो दोर! सहा असतात!"
पडद्यालाच सांगितलं त्यानं.
"आणि सहाही तुटले, तरी खालचे ब्रेक
रुळाला दात लावतात. कुणी पडत नाही.
माझ्या लिफ्टमधून कुणी पडलं नाही!"
पुढच्या रांगेतलं पोर मागे वळलं.
"खरंच सहा?"
"सहा. कधी आठ."
पोरानं मान डोलावली, पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

तेवढ्यात रातबगळ्यानं झेप घेतली
आणि तुटला दोर दातांत धरला.
दंतवैद्य होता ते शेवटी कामाला आलं म्हणायचं.
ढोल असे वाजले की खुर्च्यांचे स्क्रू हलले.
दोर ताणला, दात करकरले,
लिफ्ट थांबली जमिनीपासून वीतभर वर,
कुत्रा भुंकला,
आणि मी बाजूला पाहिलं
तर मामाची मूठ हवेत,
पॉपकॉर्नसकट आवळलेली,
लोणी कोपरापर्यंत ओघळलेलं,
आणि श्वास घ्यायचा विसरलेला,
सहा दोर ठाऊक असलेला माणूस.

शेवटाचं लुएलाचं खरं निघालं.
सावल्या परत आल्या, पण भलत्याच बाजूला पडल्या,
नायिका कुणाला तरी माफ करून रडली,
कुणाला ते मला दिसलं नाही,
मध्ये बगळ्याचा पंख होता.
नावं सरकत राहिली, आम्हीही बसून राहिलो.
ती सापडली, अगदी तळाशी, केसाएवढ्या अक्षरात.
पळणारी बाई: मॅव्हिस ओडम.
एकदाच लिहिलं होतं.
मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

चांगले सिनेमे पाहिलेत मी,
घरी येऊन दिवा न लावता बसलेय त्यांच्यापायी.
आज गाडीची काच खरवडताना
आम्ही दोघं त्या मिशीवर इतके हसलो
की मामाला ठसका लागला,
आणि खरवडणी बर्फात पडली, ती सापडेचना.

त्याच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये
त्यानं चौथ्या मजल्याचं बटण दाबलं,
दार लागलं,
आणि त्यानं भिंतीला धरून एक पाय उचलला,
दुखरा गुडघा तोच,
छताकडे बघत उभा राहिला.
"काय करतोयस?"
"शू," म्हणाला. "दोर ऐकतोय."